सुकतीला जा

दाभोळच्या धक्क्यावरून मी तरीत (खाडी ओलांडणाऱ्या होडीत) पाय ठेवते न ठेवते तोच खलाशाने विचारलं, "बाय, बरोबर कोन नाय?"

"नाही."

"मागनं येतायत?"

"मागून नाही, पुढूनही नाही."

मग त्याने होडी पलीकडच्या धोपाव्याकडे वळवली. बाकीचे उतारू वाटभर आपसात माझ्याबद्दलच बोलत होते, आणि तेही मला ऐकू येईल अशा बेताने.

मी सदतीस वर्षांची. साताऱ्याच्या एका कचेरीत चौदा वर्षं टायपिस्ट. लग्न केलं नाही, थोरल्या भावाकडे राहते. जानेवारीत तीन दिवस एकटीने पायी हिंडायचं मनात आलं, तर ह्या वयात मला दादाला विचारावं लागलं. त्याने दिलेली परवानगीही ऐका: "जा. पण जरा काही विपरीत झालं, तर हे पहिलं आणि शेवटचं." म्हणजे उरलेल्या आयुष्यातलं माझं सगळं हिंडणं त्या तीन दिवसांवर टांगलेलं होतं.

म्हणून वाट निवडताना मी डोळ्यांत तेल घातलं होतं. डोंगर नको, पाय घसरेल. रान नको, चुकेन. समुद्र उजव्या हाताला ठेवून चालत राहिलं तर चुकायचं कुठे? शिवाय एका गिर्यारोहण मंडळाची पुस्तिका हाती लागली होती. दाभोळ, अंजनवेल, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी. 'नवख्यांसाठी सोपी, सुरक्षित, एकट्यानेही करता येण्याजोगी.' त्या 'एकट्याने'मधला पुरुष मला तेव्हा दिसला नाही.

अंजनवेलला तो दिसला. पुस्तिकेत लिहिलं होतं, 'मुक्कामास देवळाची ओसरी उत्तम. स्नानास विहीर आहे.' विहीर होती, अगदी वाटेवर. तिथे उघड्यावर मी स्नान करायचं? लिहिणाऱ्याने पंचा गुंडाळून चार तांबे ओतून घेतले असतील आणि 'उत्तम' असा शेरा मारून मोकळा झाला असेल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यात तिथल्याच गोपाळगडाच्या तटावर एक निवृत्त मास्तर भेटले.

"मिस्टर मागून येतायत का?"

"मिस्टर नाहीत."

"अरेरे!"

"तसं नव्हे हो. मी लग्नच केलेलं नाही."

"अरेरेरे!" दुसरं अरेरे पहिल्यापेक्षा लांब होतं. तटावरून खाडीचं मुख, बाहेर चाललेली मचव्यांची शिडं, पलीकडे दाभोळची कौलं, सगळं इतकं देखणं होतं. पण मास्तरांनी मला ते धड बघू दिलं नाही. माझी काळजी करत ते शेजारी उभेच राहिले.

संध्याकाळी गुहागरात एका घरगुती खाणावळीत सोय झाली. खाणावळीच्या काकू तेवढ्या शहाण्या. त्यांनी काही विचारलं नाही, अंघोळीला गरम पाणी दिलं आणि पानात कुळथाची पिठी, भात, भाजलेला पापड वाढला. वर साजूक तुपाची धार. आमच्याकडे कुळीथ म्हणजे बैलांचं खाणं असं मी म्हणून बसले, तर काकू म्हणाल्या, "मग तुमचे बैल सुखी आहेत हो." मी तीनदा भात घेतला.

सकाळी निघताना काकूंचे सासरे अंगणात सुपारी सोलत बसले होते. वेळणेश्वरला चालत निघाले म्हटल्यावर ते म्हणाले, "वाटेत खाडी आहे. सुकतीला जा हो, म्हणजे काही त्रास नाही."

मी वही काढून लिहून घेतलं: सुकतीला जाणे. नकाशात सुकती नावाचं गाव सापडेना. पण नकाशात कोकणातल्या निम्म्या वाड्या नसतातच, तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही.

वाट सड्यावर (जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर) चढली. वाळलेलं गवत, मधूनच मोहोराने लगडलेलं कलम, आणि उजव्या हाताला खाली समुद्र. एक जण गडग्याचे (दगडी कुंपणाचे) ढासळलेले दगड रचत होता. त्याला विचारलं, "सुकती किती लांब आहे?"

त्याने समुद्राकडे बघितलं. "सुकतीला अजून दोन तास हायत."

"आणि वाट हीच ना?"

"वाट हीच. बसा वाईच, घाई कशाला?"

बसा म्हणे! बाईमाणूस दमलं असेल असं वाटलं असणार ह्याला. मी तणतणत निघाले आणि पाऊण तासात खाडीवर पोचले सुद्धा. गावाचा पत्ता नाही. तेव्हा सुकती पलीकडच्या तीरावर असणार हे उघड होतं. पुस्तिकेत पाहिलं: 'येथे घोट्याएवढे पाणी. चालत सहज ओलांडावे.'

साडी गुडघ्यापर्यंत खोचली, चपला हातात घेतल्या आणि उतरले. दहा पावलांवर पाणी मांड्यांना लागलं. वाटलं, लिहिणारा उंच असेल. आणखी चार पावलांवर कमरेच्या वर आलं. पाय चिखलात रुतला, पिशवीत पाणी शिरलं आणि समुद्राकडून येणारा लोंढा मला आडवी ढकलू लागला. मला पोहता येत नाही. खरं सांगते, त्या क्षणी मरणाच्या विचाराआधी माझ्या मनात दादाचा चेहरा आला, आणि त्याची मला फार चीड आली.

"अगो ए! मरतंस काय? फीर मागं! भायेर ये!"

काठावरच्या उंडलीच्या झाडाखाली एक बाई पाटी उतरवून बसली होती. ती धावत आली, कमरेपर्यंत पाण्यात शिरली, माझ्या पिशवीचा पट्टा धरला आणि म्हशीला ओढावं तशी मला ओढून काढली. एक चप्पल गेली. मी वाळूवर बसून खोकत होते आणि ती शिव्या घालत होती.

"डोळे हायत का बटनं? भरती चढताना दिसत नाय?"

"मला सुकतीला जायचंय," मी म्हटलं.

"मंग सुकती व्हऊन दे की!"

"व्हऊन दे म्हणजे? गाव ना ते?"

ती जी हसत सुटली ती पोट धरून. "गाव नव्हं गो! पानी सुकतं ती सुकती. भरती सरली की सुकती."

सुकती म्हणजे ओहोटी! शाळेत मी 'भरती-ओहोटी' दहा वेळा पाठ केलं होतं. मी तिला भिजलेली पुस्तिका दाखवून घोट्याचं वाक्य वाचून दाखवलं.

"ज्यानं लिवलं तो सुकतीला आला असंल," ती म्हणाली. "गेला निघून. त्याला काय ठावं?"

कचेरीत मी रोज असलेच अहवाल टाइप करते. साहेब एकदा जाऊन येतात आणि कायमचं लिहितात. मला कळायला हवं होतं.

तिचा नवरा मुंबईत गिरणीत होता. माहेरी आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून ती दर आठवड्याला तांदूळ नि सुकं म्हावरं घेऊन पलीकडे जायची. लग्न झाल्यापासूनची वाट तिची. मी विचारलं, "एकट्याच जाता?"

"मंग काय वाजंत्री लावून जाऊ?"

मी जीभ चावली. ज्या प्रश्नावर दोन दिवस मी चरफडत होते, तोच माझ्या तोंडून निघाला होता. पाणी उतरेपर्यंत आम्ही उंडलीखाली बसलो. तिने भाकरी आणि सुकटाची चटणी दिली. मग खाडी खरोखरच घोट्याएवढी झाली आणि आम्ही दोघी बोलत ओलांडून गेलो. पलीकडे ती डावीकडे वळली, मी उजवीकडे. वेळणेश्वरला नव्या चपला घेतल्या, तिसऱ्या दिवशी हेदवी गाठली आणि चिपळूणहून कुंभार्ली घाटाने घरी परतले.

घरी मी काही लपवलं नाही. लपवलं असतं तर पुढचं हिंडणं शाबूत राहिलं असतं. शिवाय ते घोट्याचं वाक्य आणखी कुणाला बुडवील म्हणून मी मंडळाला सविस्तर पत्र लिहिलं, आणि त्याचं उत्तर दादाच्याच हाती पडलं. त्याने ते जेवताना मोठ्याने वाचलं: 'आपल्या अनुभवाची नोंद घेऊन पुढील आवृत्तीत "महिलांनी ही वाट एकटीने करू नये" अशी सूचना घालत आहोत.'

ओहोटीचा शब्द नाही! पाणी तसंच, घोट्याएवढं. फक्त मला वाटेतून काढून टाकलं.

"बघ," दादा म्हणाला, "जाणकार माणसंही हेच म्हणतात. मी बरोबर असतो तर ही वेळ आली नसती."

"दादा, तुला सुकती म्हणजे काय ते ठाऊक होतं?"

"नाही."

"मग तू बरोबर असतास तर आपण दोघं बुडालो असतो."

वहिनीला ठसका लागला. दादा भात कालवत बसला. पाणी पिऊन मी म्हटलं, "होळीला जोडून चार दिवस रजा टाकली आहे. देवरूखकडची गावं पायी बघणार आहे. विचारत नाही, सांगते आहे."