माझ्या खात्यावर काकूंची सही

"अगं, आज मंगळवार. मंगळवारी घरातून लक्ष्मी बाहेर काढत नाहीत, एवढंही कळत नाही तुला?"

काकू हे भरल्या हॉलमध्ये बोलल्या. गंगापूर रोडवरचं घर, नव्या सुनेची मंगळागौर, नथी घातलेल्या बायका. मी दारात उभी, हात वड्यांच्या पिठाने भरलेले. एकजण हसली. तिलाच काकू म्हणाल्या, "हिच्या हातात पैसा टिकत नाही हो. मी आहे म्हणून खातं तरी आहे हिचं."

पैसे माझे होते. त्यांच्या घरची धुणीभांडी, स्वयंपाक करून साठवलेले. वार मात्र त्यांच्या घरचा.

नवरा पिऊन यायचा आणि पगार हिसकून घ्यायचा. म्हणून मीच म्हणाले होते, काकू, तुमच्याकडेच ठेवा. त्यांनी बँकेत खातं उघडून दिलं. पैसे काढायला काकूंची सही चालेल, अशा कागदावर मी सही केली. पासबुक, कार्ड त्यांच्या कपाटात गेलं. "आता तुला बँकेत यायचं कामच नाही," त्या म्हणाल्या. मला किती हलकं वाटलं. देवमाणूस भेटला म्हणून गल्लीभर सांगत सुटले.

नवरा मेला. कागद तसाच राहिला. साडी घ्यायची तरी काकूंना पटवून द्यायचं. स्वतःचा पैसा मान खाली घालून मागायचा आणि मिळाला की उपकार मानायचे.

खोटं कशाला बोलू, त्यांनी माझा एक पैसाही खाल्ला नाही. खाल्ला असता तर भांडता तरी आलं असतं.

त्या मंगळवारी पोरीची फी भरायची होती. नर्सिंगला नंबर लागलेला, संध्याकाळी मुदत संपणार. मी स्वयंपाकघरात परतले. पोरगी मागच्या दारात येऊन उभी होती.

"देतील ना गं?"

"उद्या देते म्हणाल्या."

ती खाली बसली आणि माझ्याबरोबर त्यांची भांडी घासायला लागली. ते मला अजून सहन होत नाही.

दुसऱ्या दिवशी पैसे मिळाले. जागा गेली होती. पोरगी आता अंबडला कंपनीत पॅकिंग करते.

मग एक दिवस मी एकटीच बँकेत गेले. साहेबांनी आधार कार्ड पाहिलं. म्हणाले, "खातं तुमचंच आहे, बाई. तुम्ही कधीही येऊन पैसे काढू शकत होता. मॅडमना फक्त परवानगी दिली होती तुम्ही."

"म्हंजे मंगळवारी बी?"

"मंगळवारी बँक चालू असते की."

मी तिथेच बाकावर बसून रडले. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

रडून झाल्यावर त्यांची परवानगी रद्द करायचा अर्ज दिला. पासबुक मागायला गेले, तर काकूंच्या डोळ्यांत पाणी. "एवढा अविश्वास? घरच्यासारखं ठेवलं तुला."

"इश्वास हाय, काकू. पण सही माझीच ऱ्हाईल."

घरी पोरगी म्हणाली, "आई, आता माझं नाव टाक. तू दमतीस."

माझा जीव आहे तिच्यात. तिचं जे गेलं ते मी भरून देऊ शकत नाही. तरी तिला नाही म्हणाले. पैसे लागले तर सांग, मी येईन, मी सही करीन. आणि तुझा पगार ज्या खात्यात येतो, तिथे कुणाची सही चालू देऊ नकोस. माझीसुद्धा नाही.