हझानांचा बसलेला आवाज

आमच्या बेने इस्राएल लग्नात नवरी मांडवात येते तेव्हा नवऱ्याने उभं राहून हिब्रू गीत गायचं असतं. ती त्याच्यापाशी पोचेपर्यंत थांबायचं नाही. मला गीत पाठ होतं. गळ्याचं मात्र देवालाच ठाऊक! पण प्रार्थना गाऊन चालवणारे आमचे हझान मुंबईहून येणार होते. "मी बरोबर गाईन, तू नुसता ओठ हलव," असं त्यांनी कबूल केलं होतं.

लग्न रत्नागिरीत, सासऱ्यांच्या अंगणात. हझान आदल्या दिवशी आगबोटीने आले. वाटेत वारा सुटलेला, आणि हे डेकवर बसून खलाशांना दावीदाची स्तोत्रं ऐकवत आले होते. बंदरावर उतरले तेव्हा आवाज पार बसलेला. मी नमस्कार केला, तर त्यांच्या तोंडून फक्त हवा आली.

सासूबाईंनी ज्येष्ठमध दिलं, मिरीचा काढा दिला. काही उपयोग झाला नाही. शेवटी सासरे शेजारच्या भजनीबुवांना पेटीसकट घेऊन आले. "निदान सूर तरी धरून देतील," म्हणाले.

बुवांनी झोकात सूर दिला. नवरी दारातून निघाली. मी तोंड उघडलं आणि दुसऱ्याच ओळीला माझा आवाज असा चिरकला, की पोरंटोरं फिदीफिदी हसायला लागली. हझानांनी हात वर केला. सगळं थांबलं. बुवांच्या कानाशी वाकून ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ही तुमची पट्टी, बुवा. या गरिबाला खाली उतरवा. काळी एक."

अर्ध्या वाटेवर उभ्या नवरीला त्यांनी खुणेनेच परत दाराशी धाडलं. ती वळली आणि पदर सावरत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आता नीट जमवा हं. तिसऱ्यांदा काही मी यायची नाही."

मांडवभर हशा उसळला आणि माझी भीती कुठल्या कुठे पळाली. काळी एकमध्ये मी गायलो. सुरेल नसेल, पण शेवटपर्यंत गायलो. ती येऊन शेजारी उभी राहिली तेव्हा हझान माझ्याकडे बघून मान डोलवत होते.

मग त्यांनी मनुकांच्या रसाचा पेला उचलला आणि आशीर्वाद म्हणायला लागले. आवाज जेमतेम पहिल्या रांगेपर्यंत जाणारा. तो ऐकू यावा म्हणून माणसं पुढे सरकली, आयांनी पोरांची तोंडं दाबली, बुवांनी पेटीचा भाता मिटला. एकेका आशीर्वादाला सारं अंगण "आमेन" म्हणे. इतक्या जवळून, शब्दन् शब्द कानात घेत मी हझानांना पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. एरवी त्यांचा आवाज मोठा. आपण मागे बसून शेजाऱ्याशी गप्पा मारायला मोकळे.

जेवताना बुवांनी त्यांना विचारलं, "आमच्या भजनाला नवरदेवाच्या गीताची ती चाल घेतली तर चालेल का हो?"

हझानांनी तोंडातला घास गिळला आणि कुजबुजले, "घ्या की. आम्ही तरी ती कुठून घेतली, कोणाला माहीत!"