तिसरं उत्तर

राजेश्वरी मूळची सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीची. पुण्यातली चांगली नोकरी सोडून ती सोलापुरात परतली, तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला. वर्गमित्र सोमशेखरला सोबत घेऊन तिनं चिंचोळी एमआयडीसीजवळ दोन खोल्या घेतल्या आणि डाळिंबाच्या पानाचा फोटो पाहून रोग ओळखणारं ॲप तयार केलं. तीन वर्षांत सात माणसं कामाला लागली, ॲप चार तालुक्यांत पोचलं.

मग एका सकाळी जेऊरजवळच्या वस्तीवरून ॲप वापरणाऱ्या सोजरबाई या डाळिंब बागायतदार बाईंचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. "ताई, तुमचा मोबाइल म्हनला बाग निरोगी हाय. येकदा येऊन बघा." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

राजेश्वरीनं नोंदी काढल्या. महिन्याभरापूर्वी बाईंनी तीन फोटो पाठवले होते, धुक्यातले, जरा हललेले. तिन्हींवर ॲपनं 'निरोगी' असं उत्तर दिलं होतं. तिनं एक फोटो मोठा केला. पानाच्या कडेला तेलाचा थेंब सांडावा तसा बारीक डाग होता. तेल्या रोगाची सुरुवात.

"अंतिम निर्णय शेतकऱ्याचा, असं आपण अटींमध्ये लिहिलंय," सोमशेखर म्हणाला. "तू गेलीस तर चूक कबूल केल्यासारखं होईल."

"चूक झालीच आहे की," ती म्हणाली आणि तिनं रेल्वेनं जेऊर गाठलं.

बागेत फळं तडकून काळी पडली होती. पन्नाशी उलटलेल्या सोजरबाईंनी तिला एकेक ओळ दाखवली, पार शेवटच्या बांधापर्यंत. त्या शिव्या देतील, रडतील, अशी मनाची तयारी करून ती गेली होती. बाईंनी चहा ठेवला.

"चूक आमची आहे, मावशी."

"ते तू आलीस तवाच कळलं." बाईंनी चहाचा कप तिच्यापुढं सरकवला. "येक इचारू? डाग बघून मला शंका आल्ती. फांद्या छाटनार हुते मी. पर मोबाइल म्हनला निरोगी. त्याला नीट दिसत नव्हतं, तर कळत न्हाय असं का न्हाय म्हनला?"

राजेश्वरीला उत्तर ठाऊक होतं. ॲपला 'कळत नाही' म्हणण्याची सोय पहिल्या वर्षी होती. शंका काढणारं ॲप कोण वापरणार, असं म्हणून ती सोय काढून टाकली होती. सोमशेखरनं नाही, तिनंच.

परतल्यावर तिनं ते उत्तर पुन्हा घातलं. दर चार फोटोंपैकी एकाला 'सांगता येत नाही, जाणकाराला पान दाखवा' असं येऊ लागलं. लोक वैतागले, निम्मे सोडून गेले. पुण्याची एक कंपनी गुंतवणूक करणार होती. त्या कंपनीनं ते उत्तर काढायला सांगितलं. राजेश्वरी नाही म्हणाली आणि बोलणी तिथंच थांबली.

दोन महिन्यांनी सोमशेखरनं नोकरी धरली. "तुझं बरोबर आहे," तो म्हणाला, "पण मला आणखी दोन वर्षं दम धरवणार नाही." तिनं त्याला अडवलं नाही. सातांतली दोन माणसं उरली.

पुढचे दोन हंगाम ती पहाटे बागांतून हिंडली. धुक्यातले, धुळीतले, हललेल्या हातांनी काढलेले फोटो ॲपला शिकवण्यासाठी गोळा करत राहिली. जेऊरच्या शिवारात तिला कुणी उभं करेना, तेव्हा सोजरबाईच सोबत आल्या. बांधावर उभं राहून शेजाऱ्यांना म्हणाल्या, "हिला पानं बघू द्या. ही खोटं बोलनारी न्हाय."

आता दहातल्या एकाच फोटोला 'सांगता येत नाही' असं उत्तर येतं. कंपनी अजून लहानच आहे, पण चालते. मागच्या महिन्यात एका कॉलेजात तिला बोलायला बोलावलं होतं. तिनं पडद्यावर फक्त तो डागाचा फोटो लावला आणि घडलं ते सांगितलं. शेवटी मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "त्या बाईंनी परत बाग लावली का?"

"नाही," राजेश्वरी म्हणाली. "तिथं आता ज्वारी असते."