उरलेल्या पाण्याची आम्लता

पाणीकाकांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण प्रयोगशाळेतली ती सकाळ त्यांच्या अंगात अजून आहे. आठाच्या ठोक्याला यायचं, क्षार तोलायचे, पाण्यात विरघळवायचे आणि मीटरची काचकांडी बुडवून आम्लता बघायची. आकडा जितका कमी, तितकं पाणी आंबट; तो सात पॉइंट चारवर स्थिरावला की बाटलीला चिठ्ठी लागे. "घरी चहात साखर किती ते कळत नाही, आणि तिथे म्हणे यांच्यावाचून अडतं," बायको म्हणायची.

शेजारच्या खोलीत त्या पाण्यात उंदराच्या मेंदूचे पातळ काप जिवंत राहत. तिथली संशोधक काकांच्या मुलीच्या वयाची. सगळे तिला ताई म्हणत, म्हणून काकाही.

"मेंदूतल्या पेशी नुसत्या बडबडत नाहीत, काका," तिने एकदा समजावलं. "एक दुसरीला गप्पही करते. नाहीतर सगळ्या एकदम बोलतील."

"आमच्या घरी ते खातं बायकोकडे आहे," काका म्हणाले.

ताई तीन वर्षं एका औषधामागे होती. ते पाण्यात मिसळलं की 'गप्प बस' हा निरोप निम्म्याने क्षीण होई. प्रबंध त्यावरच उभा होता, आणि सोमवारी तो परीक्षकांपुढे जायचा होता.

त्याआधीच्या शुक्रवारी मीटरला नवी कांडी आली. चालते का पाहावं म्हणून काकांनी ती धुवायला आलेल्या एका बाटलीत बुडवली. औषध घातलेलं, उरलेलं पाणी. आकडा आला सहा पॉइंट सहा. कांडीच बिघडलेली असणार, म्हणून त्यांनी साधं पाणी तपासलं. सात पॉइंट चार.

काका स्टुलावर बसले. आम्लता औषधाच्या आधी बघायची, नंतर बाटलीत काही बुडवायचं नाही, हा जुन्या साहेबांचा नियम त्यांनी वीस वर्षं डोळे मिटून पाळला होता. औषधच पाणी आंबट करत असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं. बाटली मोरीत रिकामी केली असती तर कोणाला कळणार होतं? ती हातात धरून ते ताईच्या दाराशी गेले.

"ताई, माझ्याकडून एक घोटाळा झालाय."

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "औषधाशिवाय, नुसतं आंबट पाणी द्या."

त्या पाण्यातही निरोप निम्म्यावर आला. औषध घालून आम्लता पुन्हा सात पॉइंट चारवर आणली, तर निरोप पुन्हा पूर्ण जोराचा झाला.

"औषधाने काहीच केलं नव्हतं, काका," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "तीन वर्षं."

मग तिने नाक पुसलं. "सोमवारचं रद्द म्हणून मी कळवते. तुम्ही सात बाटल्या करा. प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडी आंबट."

"आजच?"

"मग काय, पुढच्या जन्मी?"

नवा प्रबंध आम्लतेवर झाला. त्याला आणखी एक वर्ष लागलं. रोज सात बाटल्या, सात चिठ्ठ्या, आणि दुपारी ताईची हाक, "काका, या, चौथीत बघा काय झालंय." तिचं ते वर्ष आपल्यापायी गेलं, हे काकांना अजून खुपतं. नोकरीतलं सगळ्यात सुखाचं वर्ष मात्र तेच होतं. हे त्यांनी तिला कधी सांगितलं नाही.