कोरी पाठ

कुस्ती संपली की सगळी जत्रा जिंकणाऱ्याकडे धावायची आणि नागोराव वस्ताद हरणाऱ्याकडे जायचे. इकडे हलगी, गुलाल, पैलवान लोकांच्या खांद्यावर. आणि तिकडे हा सत्तरीचा म्हातारा हरलेल्या गड्यापुढे उकिडवा बसलेला. आपल्या पंच्याने त्याच्या पाठीची माती झाडायची, त्याचे कान बोटांनी चाचपायचे आणि विचारायचे, "कोनतं गाव, बाबा? काय काम करतं तू?" नवख्या माणसाला वाटायचे, काय हो दयाळू म्हातारा! दयाबिया काही नव्हती. वस्ताद जिंकणाऱ्याची परीक्षा घेत असत.

"जितनारा काय, छाती काढून उभाच राह्यते," ते म्हणायचे. "त्यानं पाडलं कोनाले, ते पाह्य ना."

तलमडुगुच्या रस्त्याला त्यांचा वांग्या-मिरचीचा मळा होता. बाजारच्या दिवशी पोत्यावर भाजी मांडून बसत. गिऱ्हाइकाने वांगे दाबून पाहिले की हातावर चापट मारत. बाकी वर्षभर कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण जत्रांचा हंगाम आला की आसपासच्या दहा गावांत त्यांच्याशिवाय जोड लागत नसे. आमच्याकडच्या कुस्त्यांच्या दंगलीत वजनकाटा नसतो. पंच, म्हणजे वस्तादच, दोन्ही गड्यांना हाताला धरून आखाड्याभोवती फिरवतो, लोकांना दाखवतो आणि पटले तर दोघांचे हात वर उचलतो. हात उचलले की माइकवाला जोड पुकारतो. एकदा पुकारलेली जोड मोडत नाही. मोडली तर दोन्ही गावांची मान खाली जाते.

तो माइकवाला मी. तसा माझा धंदा किराण्याचा, पण तोंडाचा मी मोठा. मराठी, तेलुगू, हिंदी, तिन्ही भाषांत असा ओरडायचो, की खोबऱ्या-नारळाच्या बक्षिसाची कुस्तीसुद्धा लोकांना चांदीच्या कड्याची वाटायची. "बापूचं तोंड हाये का भोंगा," वस्ताद म्हणायचे, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. आता आठवले की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

धनराज माझा भाचा, बहिणीचा एकुलता एक. विसाव्या वर्षी एकशे बारा किलो. दारातून आत आला की खोलीत अंधार पडायचा. स्वभावाने मात्र लोण्याचा गोळा. मांजर मांडीवर बसले तर उठायचा नाही, ते उठेपर्यंत. दोन हंगामांत त्याने अकरा कुस्त्या मारल्या, एकेक दोन-तीन मिनिटांत. त्याच्यासाठी गडी शोधायचो आम्ही, म्हणजे मी आणि जत्रा कमिटीची मंडळी. आधी पोराचे नाव होऊ द्यावे, मग महाराष्ट्रातले मोठे मैदान आपोआप चालून येईल, असा आमचा हिशोब. मी माइकवर एक वाक्यच बसवले होते: "ज्याच्या पाठीला आजवर माती लागली नाही, असा आपला धनराज!" पब्लिक वेडी व्हायची.

अकराव्या कुस्तीत त्याने एका काळ्याकभिन्न गड्याला उचलून आपटले, तेव्हा मी माइकवर नाचायचाच बाकी होतो. वस्ताद नेहमीसारखे हरलेल्याकडे गेले. परत आले ते सरळ माझ्याकडे.

"बापू, माइक बंद कर," ते म्हणाले. "त्या गड्याचे कान सरळ हायेत. मातीत घासून मोडलेले नाहीत. अन् खांद्यावर घट्टे हायेत. कापसाच्या गाठी उचलते तो. हमाल हाये, पैलवान नाही."

"वजन तर शंभराच्या वर आहे ना, वस्ताद!"

"वजन म्हशीलेबी असते."

मी हसण्यावारी नेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानात आले. पिशवीतून मिरच्या काढून काउंटरवर ठेवल्या. काही बोलायचे असले की आधी भाजी द्यायची, ही त्यांची रीत. धनराज तिथेच पोत्यावर बसला होता.

"हा पोरगा मले एक हंगाम दे," ते मला म्हणाले. "जत्रेत उतरवू नोको. मळ्यातल्या माझ्या तालमीत त्याले रोज पाडतो. दहा डाव, वीस डाव."

"पाडता? काऊन?" धनराज हसला.

"पडाले शिकाव लागते, बाबा. तू कदी पडलाच नाही. पडतानी मान कुठं घ्यायची, हात कुठं टाकायचा, हे अंगाले समजाव लागते. तुही पाठ कोरी हाये. लोक म्हनतात कौतिक, मले भेव वाटते."

धनराजने माझ्याकडे पाहिले. त्याला जायचे होते, असे मला आज वाटते. खरेच वाटते. पण मीच बोललो, "वस्ताद, गावात बातमी फुटली की धनराज रोज पडतो, तर नाव राहील का त्याचे?" वस्तादांनी मिरच्यांची पिशवी झटकली, घडी घातली आणि निघून गेले.

पुढच्याच महिन्यात आमच्या गावची जत्रा. शेवटच्या कड्याच्या कुस्तीला गडी ठरवलेला होता, तो आलाच नाही. त्याच्याऐवजी राजुऱ्याकडचा एक जण आला. तिशी उलटलेला, पोट सुटलेले, धनराजपेक्षा पंधरा-वीस किलोंनी कमी. माझा जीव भांड्यात पडला. म्हटले, हा तर आणखी सोपा. वस्ताद त्याला हाताला धरून आखाड्याभोवती फिरवत होते. अर्धी फेरी झाली आणि ते थांबले. त्याचा मोडलेला कान त्यांनी चिमटीत धरला, मग दुसरा. लांबून माझ्याकडे बघून त्यांनी पंजा हलवला, थांब म्हणून.

मी तो पंजा पाहिला. कोणाला हे सांगितले नाही, इथे सांगतो. पाहिला, आणि पब्लिक ओरडत होती म्हणून, तोंड आवरत नव्हते म्हणून, जोड पुकारली. हात उचलायच्या आधीच. "ज्याच्या पाठीला आजवर माती लागली नाही..."

वस्ताद दोन्ही गड्यांमध्ये उभे राहिले. किती वेळ, देव जाणे. मग त्यांनी दोघांचे हात उचलले.

पहिली दोन मिनिटे धनराज त्याला रेटत होता आणि मी ओरडत होतो. गडी मागे सरकत गेला, सरकत गेला, आणि एकाएकी त्याच्या पोटाखाली शिरला. एवढा मोठा धनराज हवेत गेला. त्याने हात टाकला नाही, मान वळवली नाही. डोके पुढे करून सरळ खाली आला.

"हात लावू नोका! मान हलवू नोका!" वस्ताद धावत ओरडत होते. माइक माझ्या हातात होता. तेच वाक्य मी माइकवरून बोललो असतो तर हजार माणसांना ऐकू गेले असते. माझी वाचा बसली होती. पोरांनी धनराजला हाता-पायांना धरून उचलले, जिंकल्यावर उचलत तसेच. आदिलाबादेपर्यंत टेम्पोत वस्तादांनी त्याचे डोके दोन्ही तळव्यांत धरून ठेवले होते. नंतर मोठ्या दवाखान्यात हैदराबादला नेले. जीव वाचला. मानेखाली काही उरले नाही.

डॉक्टरांनी सांगितले होते, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठ सडेल. बहीण एकटी, तिच्याने एकशे बारा किलो हलेनात. वस्ताद मळ्यातून रोज येऊ लागले, सकाळी एकदा, दुपारी एकदा; मधल्या वेळा मी आणि बहीण मिळून सांभाळायचो. मला शिकवायचे, "गुडघा आधी मोड, मंग खांद्याले हात घाल, तोल त्याचाच वापर." डावच होता तो. त्याला कुशीवर घेतले की आपल्या पंच्याने पाठ पुसायचे, तांबूस झालेल्या जागा शोधायचे. सव्वादोन वर्षे. त्यांनी मला एका शब्दानेही विचारले नाही, की बापू, माझा पंजा दिसला होता का तुला. मीच एकदा रडत म्हणालो, "वस्ताद, जोड मी पुकारली."

"हात म्या उचलले ना," ते म्हणाले. "गावाची मान राह्यली पायजे म्हनून उचलले. लेकराची गेली." मग म्हणाले, "तिकडून धर."

एका दुपारी असेच कूस बदलून झाल्यावर धनराजने विचारले, "वस्ताद, खरं सांगा. मी पैलवान होतो का?"

मी घाईने तोंड उघडले. वस्तादांनी माझ्या मनगटाला धरले. दुसरा हात त्या पाठीवरच होता. या माणसाने चाळीस वर्षांत कोणाला खोटा निकाल दिला नव्हता.

"मालूम नाही, बाबा," ते म्हणाले. "ताकद होती. मन होतं. पैलवान होता का, ते समजलंच नाही. समजू देलं नाही आमी."

मला वाटले, पोर आता कोसळणार. धनराज भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, "बरं केलं, सांगितलं." त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला, असे बहीण सांगते.

वस्ताद या उन्हाळ्यात गेले. मळ्यात पाणी देता देता बसले ते उठलेच नाहीत. आता कूस बदलायला मीच जातो. गावची माणसे येतात, खाटेशी बसतात आणि म्हणतात, तुझ्यासारखा गडी या मुलखात झाला नाही रे. धनराज छताकडे बघत राहतो. परवा त्याच्या पाठीवर नवी जखम दिसली. पाठ पुसता पुसता मीही सुरू केले, "धन्या, अकराच्या अकरा मारल्या होत्यास तू, एकालाही..."

"मामा," तो म्हणाला, "माइक ठेवा खाली."

मी त्याची पाठ पुसत राहिलो.