तारवाल्यांचा फाटका सूर

मी रत्नागिरीत विज्ञानाचा मास्तर होऊन वर्ष झालं असेल. मिऱ्याच्या बाजूला खारवी मच्छीमारांच्या वस्तीत एक गृहस्थ राहत. आगबोटीवर बिनतारी संदेश पाठवण्याचं काम त्यांनी पंधरा वर्षं केलं होतं. तापात उजवा कान गेला आणि कंपनीने त्यांना घरी पाठवलं. वस्तीत सगळे त्यांना 'तारवाले' म्हणत. त्यांनी सरकारी परवाना काढून स्वतःच्या पडवीत बिनतारी यंत्र उभारलं होतं. एका रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि एक पत्र पुढे केलं.

"मास्तर, वाचा हे."

पत्र कराचीच्या एका माणसाचं होतं; तोही हौसेने बिनतारी यंत्र चालवणारा. 'तुमचा संदेश इथवर पोचतो, पण सूर फाटका आहे. थरथरतो, आजूबाजूला सांडतो. अक्षरं लागत नाहीत.'

"कळ दाबणाऱ्या माझ्या हाताला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती," ते म्हणाले आणि समुद्राकडे बघत बसले.

दोष हाताचा नव्हता. लघुलहरींच्या यंत्रात वीज सेकंदाला लाखो हेलकावे घेते. प्रत्येक हेलकावा वेळेवर यावा लागतो. थोडा आधी, थोडा उशिरा असं होऊ लागलं की स्वच्छ शीळ खरखरीत होते. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, उपाय मात्र ठाऊक नव्हता.

आम्ही कामाला लागलो. यंत्रातली, फणसाच्या लाकडावर गुंडाळलेली तार दमट हवेत सैल पडत होती. ती काढून काचेच्या बाटलीवर घट्ट गुंडाळली, वरून मेण ओतलं. बॅटऱ्या बदलल्या. शेजारी दुसरं लहान यंत्र ठेवून आमचाच सूर आम्ही ऐकत असू. कानाला लावायच्या चकत्या पितळेच्या तपेलीत टाकल्या की आवाज पडवीभर घुमे. सूर सुधारला, पण मधूनच कापायचा.

माझा संशय संदेश हवेत सोडणाऱ्या वरच्या तारेवर होता. ती दोन माडांमध्ये बांधली होती आणि वाऱ्याबरोबर झुलत होती; तिच्या खालच्या टोकाचं वेटोळं यंत्राला अगदी लागून होतं, त्यामुळे तिचं झुलणं सुरात उतरत असावं.

"तारेचं वेटोळं यंत्रापासून जरा लांब घेऊया," मी म्हणालो.

"म्हणजे जोर कमी होणार. अर्ध्या समुद्रात बुडेल माझा आवाज!"

ते ऐकेनात. दोन आठवडे आम्ही एकमेकांशी जेमतेम बोललो.

तिसऱ्या रविवारी तारवाल्यांची बायको, म्हणजे वहिनी, पडवीच्या कोपऱ्यात भात कांडत होत्या. एकाएकी त्यांनी मुसळ थांबवलं.

"मास्तर, तुमची शीळ माझ्या मुसळाबरोबर उडते हो. बघा." त्यांनी एक घाव घातला. तपेलीतला सूर टुणकन हलला. पुन्हा घाव, पुन्हा तेच. मग त्या नुसत्याच उभ्या राहिल्या. "आणि आता मी कांडत नाही, तरी सूर हलतो. वर झावळ्या सळसळतात तेव्हाच. तुम्हाला ऐकू येत नाही?"

तारवाल्यांनी डावा कान तपेलीशी नेला. बराच वेळ ते तसेच वाकून होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "घ्या लांब."

आम्ही वेटोळं चार बोटं दूर सरकवलं. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे अंथरले, त्यावर जांभ्या दगडाचा चिरा ठेवला आणि चिऱ्यावर यंत्र. वहिनींनी मुद्दाम जोरात कांडून पाहिलं. तपेलीतून शीळ आली ती सरळ, बारीक, बासरीसारखी. मला हसू आवरेना.

तरी कराचीला ती पोचेल की नाही, याची धाकधूक होतीच. तारवाल्यांनी त्याच संध्याकाळी कळ दाबायला घेतली. जोर खरंच कमी झाला होता. उत्तर लगेच आलं नाही. दहाबारा दिवसांनी पोस्टमन कार्ड घेऊन आला. 'आवाज पूर्वीपेक्षा बारीक, पण सूर निर्मळ. गर्दीतूनही प्रत्येक अक्षर लागलं. काय केलंत, कळवा.'

तारवाल्यांनी कार्ड तीनदा वाचलं आणि वहिनींना मराठीत सांगितलं.

"मग कळवा की," वहिनी म्हणाल्या. "उखळ म्हणावं."

पुढे येणारे संदेशही वहिनी ऐकू लागल्या. इंग्रजी त्यांना येत नव्हतं; त्या पाटीवर नुसते ठिपके आणि रेघा काढत, तारवाले शेजारी बसून त्यांची अक्षरं लावत. एकदा मी गेलो तेव्हा पाटी भरली होती आणि त्या हातानेच 'गप्प बसा' अशी खूण करून ऐकत होत्या.