जड दूध

सुनेच्या बाळंतपणाला अमेरिकेत ट्रॉयला आले तेव्हा माझ्या बॅगेत माझ्याच जुन्या सुती साड्यांची दुपटी होती. नेसून नेसून मऊ झालेल्या साड्या फाडून कडा हातानं दुमडून शिवल्या होत्या. मुलगा म्हणाला, "आई, इथे सगळं मिळतं गं. स्टोअरमध्ये ढिगानं आहेत." मी म्हटलं, मिळू देत. थोड्याच दिवसांत ती सगळी दुपटी अपुरी पडायला लागली आणि मुलगा मुकाट्यानं स्टोअरमधून आणखी गठ्ठा घेऊन आला.

बाळ दूध पिऊन झालं की टाकायचं. कधी ओठांच्या कोपऱ्यातून जराशी गुळणी, कधी खांद्यावर घ्यावं तर माझ्या पाठीवरून थेट कमरेपर्यंत ओघळ. कधी पाजून बराच वेळ झालेला असे, आपण निर्धास्त होऊन त्याच्याशी लाडात बोलत असू आणि तेवढ्यात फुटलेलं दूध बाहेर. टाकून झालं की स्वारी खूश. हातपाय हलवत खिडकीच्या उजेडाकडे बघत पडून राही, जणू टाकणारा दुसराच कुणी. माझ्या गाऊनला, सोफ्याला, गाडीच्या सीटला, सगळ्याला आंबूस वास येत होता. बेसमेंटमधलं वॉशिंग मशीन दिवसभर घरघरत असायचं.

खरं तर हे बाळंतपण मी करायचं नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरचं, ते आईनं करायचं. पण सुनेच्या आईला व्हिसा मिळाला नाही, म्हणून माझी वर्णी लागली. सून पुण्याची, इथे सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी. एरवी मोकळी, पण माझ्याशी बोलताना प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून मग बाहेर काढणारी. रोज सकाळी तिचा आईला व्हिडिओ कॉल असे. आई तिकडून म्हणायची, "डोक्याला रुमाल बांध गं, वारा लागेल." ही म्हणायची, "गप गं आई, घरात हीटिंग आहे," आणि दोघी पुढच्या विषयावर. मी स्वयंपाकघरातून ऐकत असे. मला गंमत वाटे, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटे. या मुलीला आपण माहेरपण द्यायचं, असं ठरवूनच मी आले होते. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, अळिवाची खीर, जेवणानंतर बाळंतशोपा, कशातच कसर ठेवली नव्हती.

मी नोकरीभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. लोकांचे ट्रंक कॉल जोडून द्यायचे आणि बाजूला व्हायचं, मध्ये बोलायचं नाही, हा तिथला मुख्य नियम. कामावर मी तो कधी मोडला नाही. घरी मात्र माझ्या तोंडाला कुलूप नसे. आईनं ऑफिसात गिळलेलं सगळं बोलणं घरी आणून बाहेर काढलं, असं मुलगा अजून चिडवतो.

तर एका दुपारी बाळानं मनसोक्त पिऊन सगळं सुनेच्या अंगावर टाकलं. तिनं नुकताच धुतलेला कुर्ता घातला होता. केसांतही गेलं. मी बाळाची मान दुपट्यानं पुसत होते आणि पुसता पुसता, तिच्याकडे न बघताच, म्हणाले, "तुझं दूध जड पडतंय बहुतेक त्याला."

एवढंच म्हणाले. त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. दुपटं मशीनमध्ये टाकलं, भाजी फोडणीला घातली आणि मी ते विसरूनही गेले.

ती विसरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मेथीचा लाडू तिच्या बशीत तसाच राहिला. "आज नको वाटतोय, आई." मग डिंकाचाही नको झाला. मग तुरीची डाळ बंद. मग चहात दूध नको. मग कांदा, कोबी, फ्लॉवर, शेंगदाणे. मी एकेक पदार्थ मागे घेत गेले, आणि आता लिहायला लाज वाटते, पण मला आतून बरं वाटत होतं. इतकी शिकलेली पोर माझं ऐकते आहे, असं मला वाटत होतं. शेवटी तिच्या ताटात मऊ भात आणि मीठ उरलं. वर मी तूप वाढायला गेले तर तिनं ताटावर हात आडवा धरला.

बाळ दूध टाकतच होतं.

तो छान भरत होता, हे मला दिसत होतं. मांड्यांना वळ्या पडायला लागल्या होत्या, डायपर भरपूर ओले होत होते. सुकत होती ती सून. डोळ्यांखाली काळं, गालांची हाडं वर आलेली. पाजायला बसली की आधी बाळाकडे अशी बघायची, जणू आपण त्याला काहीतरी अपाय करायला निघालो आहोत. पाजून झालं की दुपटं हातात घेऊन, श्वास रोखून बसायची. त्यानं टाकलं की तिचे डोळे भरायचे. एकदा बाथरूमच्या दाराआडून मी तिला बाळाशी बोलताना ऐकलं. ती त्याला "सॉरी" म्हणत होती, पुन्हा पुन्हा, अगदी हळू आवाजात.

तेव्हा कुठे मला ते दुपारचं वाक्य आठवलं. ही माझ्यामुळे उपाशी राहते आहे, हे मला स्वच्छ कळलं. आणि तरीही मी काही बोलले नाही. उद्या बोलू, बाळ आपोआप थांबेल, मग विषयच मिटेल, असं स्वतःला सांगत राहिले.

बाळाला डॉक्टरकडे न्यायचं होतं. बाहेर बर्फ साचलेला, मुलानं गाडी अगदी दाराशी लावली. तो बाहेरच्या खोलीत लॅपटॉप उघडून ऑफिसच्या मीटिंगला बसला आणि आम्ही दोघी बाळाला घेऊन आत गेलो. डॉक्टर बाई उंच, शांत, पिकल्या केसांच्या. त्यांनी बाळाला काट्यावर ठेवलं, पोट दाबून पाहिलं, काही प्रश्न विचारले. दूध जोरानं लांब उडतं का, हिरवट रंग किंवा रक्त दिसतं का, टाकताना कळवळतो का. सगळ्याला नाही. मग त्या हसल्या. वजन उत्तम वाढतंय, म्हणाल्या. पुष्कळ बाळं टाकतात, बसायला लागली की कमी होतं. मधेमधे ढेकर काढा, पाजल्यावर थोडा वेळ उभं धरा. एवढं इंग्रजी मला समजतं.

नंतर त्यांनी सुनेकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "आणि तू काय खातेस?"

"राइस," सून म्हणाली.

"आणखी?"

सून हळूच म्हणाली की माझं दूध बाळाला जड पडतंय, म्हणून मी बाकीचं सोडलं आहे. डॉक्टर बाईंनी विचारलं, असं तुला कुणी सांगितलं?

मी खुर्चीत बसले होते, मांडीवर बाळाची टोपी घेऊन. आता ही माझ्याकडे बोट दाखवणार. दाखवायलाच हवं होतं.

"ऑनलाइन वाचलं मी," सून म्हणाली.

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. डॉक्टर बाईंनी मान हलवली, ऑनलाइन काहीही लिहितात, सगळं खा, म्हणाल्या. मी तिथेच म्हणू शकत होते की मी सांगितलं. मोडकंतोडकं का होईना, तेवढं इंग्रजी मला येत होतं. मी टोपीचे बंद सारखे करत बसले. मध्ये बोलायचं नाही हा नियम मला नेमका तेव्हा आठवला.

डॉक्टरच्या बोलण्यानं सुनेची समजूत पटली नाही. "त्या सगळ्यांनाच तेच सांगतात," ती गाडीत नवऱ्याला म्हणाली. "मला दिसतंय ना रोज. मी फीडिंग बंद करते. आपण फॉर्म्युला ट्राय करू." मुलगा म्हणाला, "तुला हवं असेल तर चालेल, पण तुला हवंय का?" त्यावर ती खिडकीबाहेर बघत राहिली. येताना त्यानं दुकानासमोर गाडी थांबवली आणि पावडरचा डबा आणला.

डबा ओट्यावर होता आणि मी त्याच्यासमोर. मला डब्याचं वावडं नाही. ज्या आईला दूध पुरत नाही किंवा पाजायचं नाही, तिनं खुशाल द्यावं. पण हिला पाजायचं होतं. आपलं दूध वाईट आहे असं वाटून ती थांबणार होती, आणि ते वाईट नाही हे त्या घरात सर्वांत जास्त मला माहीत होतं.

कारण या बाळाचा बाप अस्साच होता. पिऊन झालं की टाकायचा. आमच्या सासूबाई एकदा त्याला पुसता पुसता म्हणाल्या होत्या, "हिचं दूध जड आहे, पोराला सोसत नाही." त्या वाईट नव्हत्या, माझ्या डोक्याला तेल लावून द्यायच्या. पण त्या बोलण्यानंतर डब्याचं दूध सुरू झालं. मी छातीला घट्ट पंचा बांधायचे, आणि दाटून आलं की न्हाणीघरात जाऊन पिळून मोरीत सोडायचे. पाण्याचा नळ सुरू ठेवायचे, बाहेर रडणं ऐकू जाऊ नये म्हणून. मुलानं डब्याचं दूधही टाकलं. बसायला लागेपर्यंत टाकतच होता. तेव्हा कुणी म्हणालं नाही की अरे, मग दोष हिच्या दुधाचा नव्हता. मीही म्हणाले नाही.

हे सगळं मला माहीत असताना तेच वाक्य माझ्या तोंडून गेलं. आणि गेल्यावरही मी ते परत घेत नव्हते, त्याचं कारण ओट्यापाशी उभं राहून मला कळलं. हिचं दूध चांगलं आहे असं म्हटलं, तर माझंही चांगलं होतं असं म्हणावं लागणार होतं. मग मी ते मोरीत कशासाठी सोडलं?

सून आत आली आणि तिनं बाटली पातेल्यात उकळायला ठेवली. मी गॅस बंद केला.

"जरा बस. तुझं दूध जड आहे असं मी म्हणाले, ते उगाच म्हणाले."

"नाही आई, तुमचा अनुभव आहे."

"अनुभव उलटाच आहे," मी म्हटलं, आणि तिला सगळं सांगितलं. पंचा, मोरी, नळ, सगळं. तिच्या नवऱ्यानं डब्याचं दूधही टाकलं, हेही सांगितलं. तिनं मला जवळ वगैरे घेतलं नाही. तिचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मग तुम्ही मला का म्हणालात?"

"तोंडात बसलेलं होतं," मी म्हटलं.

"मी भात-मीठ खातेय, आई. मला चक्कर येते. तो रडला की मला त्याच्याजवळ जायची भीती वाटते. माझ्या आईनं म्हटलं असतं ना, तर मी तिला तिथल्या तिथे गप केलं असतं. तुम्हाला कसं सांगणार?"

आत बाळ उठलं. ती गेली. बाटली पातेल्यात तशीच राहिली आणि ती त्याला अंगावर घेऊन बसल्याचं मला दारातून दिसलं. त्या दिवशी ती माझ्याशी आणखी काही बोलली नाही. मी तुरीच्या डाळीचं वरण केलं, तूप घालून. ताट तिच्यापाशी ठेवलं आणि खोलीतून बाहेर आले. परत गेले तेव्हा ताट रिकामं होतं.

बाळ काही लगेच थांबलं नाही. आम्ही त्याला पाजता पाजता मध्येच ढेकर काढायला उचलत होतो, पाजल्यावर उभं धरून घरभर फिरवत होतो, आणि तो जे टाकायचं ते टाकत होता. डबा कपाटात गेला. सून खायला लागली, पण माझ्याशी मोजकंच बोले, आणि तिनं तसं वागावं हेच मला योग्य वाटत होतं. मी लाडू केले ते न विचारता टेबलावर ठेवून दिले.

मग एका सकाळी ती सोफ्यावर बसून लाडू खात होती आणि बाळ माझ्या खांद्यावर होतं. त्यानं भडाभडा टाकलं, माझ्या मानेवरून आत. नेहमीपेक्षा जास्तच होतं. मी त्याला पुसायला घेतलं आणि माझं तोंड आपोआप उघडलं.

"अगं, आज जरा जास्तच..."

"गप बसा हो आई," ती म्हणाली. तोंडात लाडू होता. वर मान करूनही पाहिलं नाही, फोनवर काहीतरी वाचत राहिली.

मी गप बसले. बाळ तिच्याकडे दिलं, दुपटं घेऊन बेसमेंटमध्ये उतरले, मशीन सुरू केलं आणि ते घरघरायला लागल्यावर जिन्याच्या पायरीवर बसून रडले. माझ्या सासूबाईंना मी हे एकदाही म्हटलं नव्हतं.